गॅलरीचे टेकू

का-बुवा हे काही त्या सुताराचं खरं नाव नव्हे. आमच्या साइटवर स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावणाऱ्यांचा तो मुख्य. दिसेल त्याला "का बुवा, असं का लावलंस?" म्हणून भंडावून सोडायचा, तेच नाव चिकटलं. मी तिथे स्टोअर सांभाळते. खिळे मोजून द्यायचे आणि बोलणी न मोजता खायची, हे माझं काम.

त्याच्या टोळीत नाना तऱ्हेची माणसं. डोंगरातली, किनाऱ्यावरची, नदीपलीकडची; बोलणं वेगळं, जेवण वेगळं. त्याचा एकच हट्ट: जोडी लावायची ती दोन वेगळ्या मुलखांतल्या माणसांची.

"एका गावचे दोघं एकमेकांना काही विचारत नाहीत, बाई," तो म्हणायचा. "परका विचारतो. त्याला कसली भीड?"

भांडणं रोजची. कोणीतरी तोंड फुगवून माझ्या खिडकीशी यायचंच. काम रडतखडत चालायचं, पण इमारत एवढी वर गेली तरी कोणाचं बोटसुद्धा चेंगरलं नाही.

मग नवे साहेब आले. त्यांना कटकट नको होती. ज्या गावचे लोक त्या गावची टोळी, असं त्यांनी करून टाकलं. काम पळायला लागलं आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्याचा ताप गेला. का-बुवाच्या गावच्या टोळीचा म्होरक्या झाला त्याचा धाकटा भाऊ. का-बुवाला ही वाटणी मुळीच पटली नव्हती, पण सख्ख्या भावाला मान मिळाला म्हटल्यावर तो गप्प बसला.

त्यांच्या गावी घरं बैठी, चार भिंतींची. खोलीच्या स्लॅबचे टेकू आधी मधले काढतात, मग कडेचे. ते बरोबरच आहे. गॅलरी मात्र एकाच बाजूने भिंतीला धरून असते. तिचे टेकू बाहेरच्या टोकापासून काढत भिंतीकडे यायचं; मधले आधी काढले तर ती मध्येच मोडते. घरोघरी गॅलऱ्या बांधणाऱ्या किनाऱ्यावरच्या लोकांना हे झोपेतही जमलं असतं, पण ते आता इमारतीच्या पलीकडच्या अंगाला होते.

त्या सकाळी का-बुवा पटाशी मागायला माझ्या खिडकीशी आला होता. समोर भाऊ नव्या गॅलरीखाली उभा राहून टेकू ठोकून काढत होता. मधले.

"दादा, नुसता बघतोस काय? चहा सांग की!" भाऊ ओरडला. त्याची माणसं हसली.

का-बुवाने तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काही नाही. त्याच्या माणसांदेखत त्याला काय बोलायचं? आज नवा म्होरक्या आहे." मग म्हणाला, "आमचाच आहे तो. त्याला कळतं."

मी पटाशी शोधायला आत वळले आणि धाडकन आवाज झाला. गॅलरी मधोमध मोडून खाली आली होती. का-बुवा हातांनी सिमेंटचे तुकडे उपसत होता, भावाला हाका मारत होता. त्याच्या हातांना लागलेलं रक्त कोणाचं ते कळत नव्हतं. भाऊ जिवंत निघाला नाही.

कामगाराचा निष्काळजीपणा, असं ठरलं. साहेब अजून आहेत, टोळ्या अजून वेगळ्याच आहेत आणि काम अजून पळतंय. मला त्या साहेबांचा संताप येतो, पण नोकरी मीही सोडलेली नाही.

नंतर भावाची बायको त्याचं सामान न्यायला आली. ट्रंक माझ्याकडेच ठेवलेली होती. का-बुवाने ती उचलून बाहेर आणली.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही इथंच होता ना?"

"होतो."

"ते चुकीचं काढतायत, हे दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"मग विचारलं का नाही?"

तो ट्रंक धरून तसाच उभा राहिला.  तिने त्याच्या हातातून ट्रंक काढून घेतली आणि एकटीच उचलून फाटकाकडे चालू लागली.