रिकाम्या आकड्यासमोरचा पक्षी

वेस्ट विंडसरचं हे घर आम्ही मागच्या ऑक्टोबरमध्ये एका वयस्कर अमेरिकन बाईंकडून घेतलं. त्या आपल्या मुलाजवळ राहायला गेल्या. गराजमध्ये त्यांच्या बऱ्याच वस्तू राहिल्या होत्या. त्यातली लाल बुडाची एक काचेची बाटली कशासाठी आहे ते न कळून मी डोनेशनच्या खोक्यात टाकली.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी चहा टाकत होते. सिंकसमोरच्या खिडकीबाहेर छपराला एक लोखंडी आकडा आहे. त्याच्याखाली अंगठ्याएवढं काहीतरी हवेत थांबलं होतं. पुढे जाईना, मागे जाईना. जरा वेळानं उडून गेलं आणि पुन्हा नेमकं तिथेच येऊन थांबलं.

"भुंगा असेल," नवरा फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

मी व्हिडिओ काढून मुलीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "आई, दॅट्स अ हमिंगबर्ड. फीडर कुठाय? त्याच्या साखरपाण्याची बाटली?"

तेव्हा मला ती बाटली आठवली. इतकी शरम वाटली की मी तिला फक्त साखरपाण्याचं प्रमाण विचारून घेतलं. दुपारी नवीन फीडर आणला, मुलीनं सांगितल्याप्रमाणे चार वाट्या पाण्यात एक वाटी साखर विरघळवून भरला आणि आकड्याला टांगला.

दुसऱ्या दिवशी पक्षी आला. गळा काळा. थोड्या वेळानं दुसरा आला, त्याचा गळा लालभडक.

"दोन आहेत," मी म्हणाले.

"एकच आहे. तू चष्मा पूस," नवरा म्हणाला.

यावरून आमचं दोन दिवस चाललं. शेवटी मी त्या बाईंनाच फोन लावला. हीटर वगैरेचं काही अडलं तर असू दे म्हणून त्यांनी नंबर दिला होता. मी पक्ष्याचं नाव काढताच त्या एकदम म्हणाल्या, "आला का तो?"

"दोन आलेत. एक काळ्या गळ्याचा, एक लाल."

त्या हसल्या. "एकच आहे गं. ऊन पडलं की लाल दिसतो, नाहीतर काळा. दर वर्षी तोच येतो."

बाटलीचं त्यांना सांगायचं मनात होतं. सांगितलं नाही.

फोन ठेवून नीट पाहिलं. पक्ष्यानं मान वळवली आणि काळा गळा निखाऱ्यासारखा पेटला. नवऱ्याचं खरं होतं. मी तसं कबूलही केलं. पण शनिवारी फीडरपाशी दोन पक्षी एकमेकांच्या अंगावर धावून जाताना आम्ही दोघांनी पाहिले, दोन्हींचेही गळे लाल. मग पांढऱ्या गळ्याची एक मादी आली. पहिल्या दिवशी आकड्याखाली थांबला होता तो यातला कोणता? व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. त्यात नुसती एक करडी थरथर दिसते. आणि दर वर्षी तोच येतो हे त्या बाईंनी तरी कशावरून ठरवलं होतं?

आता साखरेचं पाणी नवराच करतो. किती पक्षी येतात यावर आमचं अजून एकमत नाही. अधूनमधून त्या बाईंचा फोन येतो. "कसा आहे तो?" त्या विचारतात.

"मजेत आहे," मी सांगते. कोणाबद्दल सांगते आहे ते मला कळत नाही.