माझ्या जाहिरातींवर मंडळाची मेहेरबानी

हल्लीची मुलं मला अफिलिएट मार्केटिंग समजावून सांगतात. दुसऱ्याच्या मालाची जाहिरात आपल्या वेबसाइटवर लावायची, तिच्यावर कुणी क्लिक केलं की आपल्याला कमिशन. मी मान डोलावते. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा बेंगळुरूत मी हाच उद्योग करून हात पोळून घेतले होते, हे सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाही.

नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्याची बदली झाली म्हणून मी नागपूरची शिक्षिकेची नोकरी सोडून इथे आले. कन्नड येत नाही म्हटल्यावर इथल्या शाळांनी दारातूनच नमस्कार केला. घरात कॉम्प्युटर आला तो नवऱ्याच्या हौसेनं, पण त्यावर ठाण मांडलं मी. दुपारी फोनची वायर काढून त्याला जोडायची, तो बराच वेळ चिरकायचा, आणि मग मी लिहिलेलं माझ्या वेबसाइटवर चढवायचं. परमुलखात आलेल्या मराठी बाईचं रोजचं जगणं, हा विषय. घरमालकिणीशी मोडक्या कन्नडमध्ये भांडावं कसं, भाजीवाल्यानं 'स्वल्प' जास्त घातलं म्हणून खूश का होऊ नये, दुपारी घर खायला उठतं तेव्हा काय करावं. वाचणाऱ्याला आधी देवनागरीचा फाँट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पानभर कंस आणि टिंबं दिसत. तरी लोक तेवढी खटपट करतील असं मला वाटायचं. मला वाचक हवे होते. वर्ग सुटला होता, तो मला परत हवा होता.

नवऱ्याला हवं होतं फोनच्या बिलाचं उत्तर. म्हणून मी एका अमेरिकन कंपनीच्या जाहिराती घेतल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी एक पट्टी. कुठली पट्टी यावी हे आपल्या हातात नाही. आल्या त्या काय, तर बर्फात घालायचे बूट आणि कुत्र्यांचा खाऊ. बेंगळुरूत बर्फ फक्त उसाच्या रसात! नियम कंपनीचे, ते बदलणार कंपनी, क्लिक मोजणार कंपनी आणि कमिशन देणारही तीच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसला प्रकार. कित्येक महिने माझ्या पानावरचा भेटींचा आकडा बसल्या बैलासारखा जागचा हलला नाही.

वैतागून एकदा मंडळाच्या हळदीकुंकवाला हे सगळं मी अक्कांपुढे ओकलं. अक्का म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या महिला शाखेच्या सर्वेसर्वा. इथल्याच चामराजपेटेत त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या गेलेल्या, त्यामुळे मराठी बोलताना निम्मं कन्नड. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"सरी, सरी. बरं, एवढंच ना? मी बघते."

मंडळाची एक रीत होती. कुणी बाईनं पापड करायला घेतले की प्रत्येक घरी एक पाकीट जायचंच. आवडो न आवडो, आपल्या बाईचा जम बसला पाहिजे. अक्का ही रीत कडक पाळायला लावत. ती वेबसाइटलाही लागू होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि आकडा हलला. नुसता हलला नाही, धावायला लागला. मी वेड्यासारखी लिहीत सुटले. रोज एक पान. स्वयंपाक करताना वाक्यं सुचत, पोळी करपे. नवरासुद्धा एकदा आकडा बघून म्हणाला, "चांगलंच चाललंय की तुझं." इतक्या वर्षांनी पुन्हा भरलेल्या वर्गासमोर उभी आहे असं वाटे. मी सुखात होते, अगदी उघड सुखात.

मग कंपनीची ईमेल आली. तुमच्या पानावर खोटे क्लिक आढळले आहेत, खातं बंद, जमलेलं कमिशन रद्द. मी खुलासा लिहिला, विनवणी केली, शेवटी चार कडक शब्दही लिहिले. प्रत्येक वेळी तेच ठरलेलं उत्तर, अक्षराचा फरक नाही. पलीकडे माणूसच नव्हतं. नवरा म्हणाला, "आमच्याकडे निदान साहेबाच्या केबिनबाहेर बसून तरी राहता येतं."

पुढच्या भजनाला मी अक्कांना गाठलं आणि खातं बंद झाल्याचं सांगितलं.

"का गं, कमी पडलं का?" त्या काळजीनं म्हणाल्या. "माझा मुलगा ऑफिसातून दाबतो, त्याच्या सेक्शनमधले सगळे दाबतात. कोरमंगल्याला ती पुण्याची नवी मुलं राहतात ना, त्यांनाही सांगून ठेवलंय. रोज, न चुकता."

माझं डोकंच फिरलं. "अक्का, अहो, त्याला ते लबाडी म्हणतात! एकाच ऑफिसातून रोज तेच लोक दाबतात, हे कळतं त्यांना!"

"लबाडी कसली? आपल्या माणसाला हात दिला तर लबाडी?" त्यांचा चेहरा पडला. त्यांच्यावर चिडावं तर त्यांनी वाईट चिंतलं नव्हतं, आणि कंपनीवर चिडावं तर तिला ऐकू जात नव्हतं.

जाऊ दे कमिशन, मी मनात म्हटलं. वाचणारे तर मिळाले. मी आवाज खाली आणून विचारलं, "पण वाचून मग दाबत होते ना सगळे?"

"वाचायला कुठला वेळ गं त्यांना? जेवणाच्या सुट्टीत स्वल्प टाइम मिळतो. पान उघडायचं, खाली जायचं, दाबायचं, बंद." मग त्या माझ्याजवळ सरकल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "कधीची विचारीन म्हणते, तू त्यात लिहितेस तरी काय?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात मी वेबसाइट काढून टाकली. कुठे गेली म्हणून मला कुणीही विचारलं नाही.