देखण्या खलनायकांच्या मावशी

नव्वदच्या दशकात सुभानपुऱ्यातल्या व्हिडिओ लायब्ररीत एक मावशी दर शनिवारी दिसायच्या. त्यांना जुने कृष्णधवल इंग्रजी गुन्हेपटच लागत, आणि खलनायक देखणा हवा असे. कॅसेट पदराने पुसून त्या पिशवीत ठेवत.

“मावशी, तुम्हाला बदमाशच का आवडतात?” काउंटरवर बसणाऱ्या मी एकदा विचारलं.

“अरे, हिरो बाईला उपदेश करतो. बदमाश तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतो. आवडणारच ना? असाच एक गोडबोल्या माझ्या मुलीला सांगून आला होता. चौकशी केली, तर मेल्याला पहिली बायको निघाली.”

“मुलगी रडली असेल.”

“छे. म्हणाली, ‘आई, मी त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.’ ही पिक्चरं आम्ही दोघी मिळून बघतो ना.”

मावशी हसल्या. असं विजयी हसू मी पडद्यावरच्या कुठल्याच हिरोच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.