निष्कर्षाचा रकाना

अमळनेरला आमच्या शेजारी राहणारे इंग्रजीचे निवृत्त मास्तर हे माझ्या पाहण्यातले एकमेव खरे शास्त्रज्ञ होत, असे पुण्याच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षे घालवूनही मी म्हणते. परीक्षानळी त्यांनी आयुष्यात हाती धरली नव्हती. त्यांच्यापाशी होती एक जाड वही आणि एक इंग्रजी शब्द : असम्प्शन. न पाहता खरे धरलेले, ते असम्प्शन. हा शब्द ते मामलेदारापासून गवळ्यापर्यंत सर्वांवर समभावाने वापरीत. “मास्तर, दूध निर्भेळ शे,” असे गवळी म्हणाला की, “पाहिलंस, की असम्प्शन?” स्वतःच्या लग्नात अंतरपाटापलीकडे वधूच उभी आहे ना, हेही त्यांनी वाकून पाहिले होते, असे त्यांच्या पत्नी सांगत.

लेकी माहेरी येऊन झोके घेतात त्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला आमच्याकडे भरल्या घागरीखाली मातीची चार ढेकळे ठेवीत, पावसाच्या चार महिन्यांची. जे अधिक भिजे, त्याच्या महिन्यात पाऊस अधिक. मास्तर ती ढेकळे बोटाने दाबून वहीत नोंदवीत आणि दिवाळीला खऱ्या पावसाशी ताडून पाहत. इंटर सायन्स होऊन आलेली मी एकदा त्यांना ठसक्यात म्हणाले, “नाना, ही शुद्ध सुपरस्टिशन आहे!”

“किती वर्षं ताडून पाहिलंस, पोरी?”

“एकही नाही.”

“मग तुझंही असम्प्शनच. दुसऱ्याचं असलं की आपण त्याला सुपरस्टिशन म्हणतो, इतकंच.”

त्यांनी वही पुढे केली. ढेकळे चुकली ती वर्षे आणि जुळली ती वर्षे, दोन्ही सारख्याच वळणदार अक्षरात होती. इतकी निःपक्ष नोंद मी पुढे कोणत्याही प्राध्यापकाकडे पाहिली नाही.

त्याच सुट्टीत माझे शिक्षण थांबवण्याचे घरी ठरले. वडील म्हणाले, “फार शिकलेली मुलगी माहेर विसरते.”

“आबा, अशा किती पाहिल्या?” मास्तरांनी विचारले.

“या गल्लीत शिकलंय कोण पाहायला?”

“मग एक धाडून पाहू. आखाजीला येते की नाही, मी लिहीत जाईन.”

आबा हसले, आणि तिथेच हरले.

तेव्हापासून दर आखाजीला, झोक्याला हात लावण्याआधी, मी मास्तरांच्या ओट्यावर हजर होई. ढेकळाकडे पाहावे तसे चष्म्यावरून माझ्याकडे पाहून ते गंभीरपणे लिहीत, “आली.” पदवीच्या तोंडी परीक्षेतही मी इतकी सावरून उभी राहिले नाही.

गेल्या वर्षी आखाजीला माझा प्रयोग ऐन मोक्यावर होता. मी आले नाही. पत्रही टाकले नाही. दिवाळीआधी मास्तर गेले. त्यांच्या पत्नींनी वही माझ्या हाती दिली, तेव्हा त्या आखाजीचे पान उघडण्याचे धैर्य मला बराच वेळ होईना. अक्षर थरथरते होते, पण रकाना सुटला नव्हता : “आली नाही. कारण ठाऊक नाही. निष्कर्ष काढू नये.”

यंदा आखाजीला मी सवयीने त्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. लिहून घ्यायला कोणी नव्हते.