सोंग कुणी उतरवायचं

इंटरनेटवर राक्षसांच्या लढाईचा एक खेळ चालतो. तो चालवणारे आम्ही सगळे हौशी. खेळाडूला स्क्रीनवर काय दिसावं आणि काय दिसू नये, हे बघायचं काम माझ्याकडे आहे. दिवसभर पुंडलिकनगरच्या घरात बसून ऑफिसचं काम उरकायचं आणि संध्याकाळी हे घेऊन बसायचं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं यालाच म्हणतात, पण मला त्या भाजायला आवडतात.

खेळ सोपा आहे. दोघांकडे राक्षसांची एकेक टोळी असते. एका वेळी दोन्हीकडचा एकेक राक्षस मैदानात उतरतो आणि प्रत्येक राक्षसाला वेगळा वार लागू पडतो. सगळी गंमत आणि सगळी कटकट एका सरड्यात आहे. हा सरडा बहुरूपी आहे. तो उतरतो तेव्हा आपल्याच टोळीतल्या दुसऱ्या कुणाचं, समजा दगडी कासवाचं, सोंग घेऊन उतरतो. समोरच्याला कासव दिसतं, नावही कासवाचंच दिसतं. तो बिचारा कासवावरचा वार करतो आणि तोंडघशी पडतो. सरड्याला पहिला मार बसला की मगच सोंग उतरतं.

यात न्याय कसा ठेवायचा यावर आम्ही जेवढं भांडलोय, तेवढं सख्खे भाऊ बांधावरून भांडत नसतील. शेवटी ठरलं ते असं. स्क्रीननं सोंग फोडायचं नाही आणि पदरचं खोटंही बोलायचं नाही. मघाशी हे कासव अर्धमेलं होतं, आता ठणठणीत कसं, असं खेळाडूनं स्वतः ताडलं तर ती त्याची हुशारी. पण स्क्रीनच्या एखाद्या कोपऱ्यातून खरं नाव गळलं तर ती आमची चूक. आणि सोंग उतरलं की मागची नोंद सुधारायची. कासवाच्या नावावर मांडलेले वार आणि जखमा सरड्याच्या नावावर टाकायच्या, म्हणजे पुढं खऱ्या कासवाबद्दल कुणाचा गैरसमज राहत नाही.

या उन्हाळ्यात तक्रार आली. एक खेळाडू बहुरूप्याला कधीच फसत नाही. कधीच म्हणजे कधीच. सरडा कुणाचंही रूप घेऊन येवो, हा पठ्ठ्या पहिल्याच फटक्याला सरड्यावरचा वार काढतो. गटात आधी थट्टा चालली, कुणी त्याला अंतर्ज्ञानी महाराज म्हणालं. मग सूर बदलला. लोक त्याच्या जुन्या लढाया उकरून काढायला लागले. एकानं लिहिलं, "आपल्याला दिसत नाही असं काहीतरी याला दिसतंय. पकडा याला." त्याखाली बरेच जण "पकडा, पकडा" लिहून गेले.

तो खेळाडू माझा दादा होता. तिथं हे कुणालाच माहीत नव्हतं.

दादा आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहतो. लासूर स्टेशनच्या बाजारात एका आडत्याकडे तो नोकरीला होता. ती नोकरी त्यानं हिवाळ्यात सोडली, रोजच्या जाण्यायेण्याचा कंटाळा आला म्हणून. निदान आम्हाला तसं सांगितलं. त्याला डोळ्यांचा जुना आजार आहे. नजर कडेकडून आत आत बुजत जाईल, केव्हा आणि किती ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "रातीचं जरा कमी दिसतंय, बाकी लई भारी." रोज सकाळी तो स्कूटरवर वहिनीला तिच्या शाळेत सोडायचा. ती शिक्षिका आहे. मग घरी येऊन खेळात डोकं घालायचा. नोकरी गेल्यापासून त्याला मान देणारी तेवढी एकच जागा उरली होती. तिथं लोक त्याच्याशी लढायला टरकायचे, आणि हे सांगताना तो ताठ बसायचा.

मी त्याला काही विचारलं नाही. आधी स्क्रीन तपासला. दोन खिडक्या उघडून माझी मीच माझ्याशी लढले. सरडा कासवाच्या रूपात उतरवला. चित्र कासवाचं, नाव कासवाचं, आरोळी कासवाची. टोळीच्या रांगेत सरडा आपला शहाण्यासारखा बाहेर बसलेला. कुठंच गळती नव्हती. दुपारची वेळ, कूलर घरघरत होता, आणि सगळं इतकं स्वच्छ सापडतंय याचीच मला भीती वाटायला लागली. स्क्रीन निर्दोष असेल तर दादा चोर ठरत होता.

मग आठवलं, फोनमध्ये अंधांसाठी एक वाचणारा आवाज असतो. स्क्रीनवर बोट ठेवलं की तिथं काय आहे ते तो बोलून सांगतो, स्क्रीन काळा ठेवला तरी. चित्र असेल तर चित्रामागं लिहून ठेवलेलं वर्णन वाचतो. ते वर्णन डोळस माणसाला दिसत नाही, म्हणून आमच्यापैकी कुणी ते कधी तपासलंच नव्हतं. मी तो आवाज सुरू केला आणि कासवाच्या चित्रावर बोट टेकवलं.

"सरडा," आवाज म्हणाला.

मी पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा सरडा. गळती सापडल्याचा आनंद मला झाला, खोटं कशाला बोलू. पण तो लगेचच विरला. हे नाव ऐकू कुणाला येणार? जो स्क्रीनकडे बघतच नाही, त्याला. रात्रीचं जरा कमी दिसणाऱ्याला हा आवाज लागत नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. डोळ्यांचंही आणता येत नसेल असं मला वाटायचं. ते सोंग तर आमच्या घरात दिवसाढवळ्या वावरत होतं. त्याच्या कानात कायम वायर असायची. कॉमेंट्री ऐकतोय म्हणायचा, आणि कुठली मॅच चालू आहे हे मी कधी विचारलं नाही. नळाला पाणी यायच्या दिवशी ड्रम भरायचं काम त्याच्याकडे असे. ड्रम भरत आल्याचं नुसत्या आवाजावरून ओळखतो म्हणून आम्ही त्याचं कौतुक करायचो. परक्या ठिकाणी गेलं की तो दारात थांबून वहिनीला म्हणायचा, "तू हो पुढं." बायकोला मान देतो म्हणून त्याचंही कौतुक. आणि अलीकडे त्याच्या स्कूटरचा आरसा फुटला होता. पाठोपाठ पुढच्या दिव्याची काच गेली. पार्किंगमध्ये कुणीतरी पाडली, असं तो म्हणाला होता आणि आम्ही त्या कुणीतरीला मिळून शिव्या दिल्या होत्या.

मी खाली गेले. वहिनी भाजी आणायला बाहेर गेली होती. दादा दिवाणावर बसला होता, फोन मांडीवर. फोनचा स्क्रीन पूर्ण काळा होता आणि त्याची बोटं त्या काळ्या काचेवर सराईतपणे फिरत होती.

"दादा, तुला स्क्रीन दिसतो का?"

"कामून गं?"

"मला तो आवाज सापडला."

बोटं थांबली. त्यानं कानातली वायर काढली आणि बोटाभोवती गुंडाळत बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं लई कमी झालं. उजेड कळतो. माणूस हाललं की सावली कळते."

"आणि सरडा?"

"मला काय म्हाईत तुम्हाला तो दिसतच नाय म्हणून? मला तर सरळ नाव सांगत होतं ते. मला वाटलं, तुमचं बहुरूपी म्हणजे नुसता चित्राचा खेळ हाय. लोक कासवावरचा वार कामून करतेत, हेच मला कळंना." तो हसला. मला हसू आलं नाही.

आमच्या गटात एक रिवाज आहे. गळती बुजवली की सगळ्यांसमोर लिहायचं, काय गळत होतं, कसं गळत होतं आणि कुणाला कळत होतं. त्यावरून जुन्या लढायांचं काय करायचं ते ठरतं. मी हे त्याला समजावलं. "मी खरं लिहिलं की तू चोर नाहीस हे सगळ्यांना पटेल. पण कुणाला कळत होतं, तेही लिहावं लागेल."

"मग लिहू नको."

"चोर ठरशील."

"ठरू दे. चोराला लोक शिव्या देतेत, पण त्याच्यासंगं लढतेत तरी. आंधळ्यासंगं कोण लढतंय? मुद्दाम हरतील माझ्यापुढं. तसलं जिंकणं मला नको."

"आणि स्कूटर?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"शाळेचा रस्ता पाठ हाय मला."

"रस्ता पाठ असेल. त्यावरून चालणारी माणसं पाठ आहेत का?"

त्यानं वायर पुन्हा कानात घातली. "तुझ्या वहिनीला यातलं काय बोलू नको. शप्पथ हाय तुला," एवढं म्हणाला आणि मान वळवली. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. मी रागारागानं वर निघून आले.

संध्याकाळी मी गळती बुजवली. आता वाचणारा आवाजही कासवच म्हणतो, आणि मार बसून सोंग उतरलं की मग सरडा म्हणतो. डोळस आणि अंध, दोघं सारखेच फसतात. गटात लिहिताना काय आणि कसं ते लिहिलं, कुणाला कळत होतं ते लिहिलं नाही. लोकांनी त्यातून त्यांना हवं ते घेतलं. कुणीतरी लपलेला मजकूर बाहेर काढून चोरून वाचत होता, असं ठरलं. दादाचं नाव मानाच्या यादीतून काढलं. त्यानंतरच्या पहिल्याच लढाईत बहुरूप्यानं त्याला सपशेल फसवलं आणि बघणाऱ्यांनी खाली लिहिलं, "बघा, चोरी बंद झाली आणि हा उघडा पडला."

खालून दादाची हाक आली. "फसलो की गं! लई झकास फसवलं त्यानं मला." त्याच्या आवाजात किती तरी दिवसांनी मी आनंद ऐकला, आणि त्याच क्षणी मला त्याची फार दया आली. बरोबर तीच गोष्ट, जी त्याला नको होती.

माझं मन मात्र माझ्याच नियमात अडकून बसलं होतं. मार बसेपर्यंत सोंग फोडायचं नाही. खेळात ते ठीक आहे. तिथं मेलेला राक्षस पुढच्या लढाईला ठणठणीत उठतो. इथं कुठल्या माराची वाट बघत बसायचं? आणि तो मार बसणार कुणाला? शाळेच्या गेटासमोर सकाळी केवढी पोरं असतात, पाठीवर दप्तरं, अर्धी रस्त्यात. ती पोरं माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

सकाळी खाली स्कूटर सुरू झाली आणि मी जिना उतरून धावले. गेट उघडं होतं. वहिनी पर्स सांभाळत मागं बसली होती. मी स्कूटरच्या थेट पुढ्यात जाऊन न हलता उभी राहिले, दादाच्या तोंडासमोर. त्यानं शांतपणे रेस वाढवली.

"थांब!" मी ओरडले. त्यानं दचकून ब्रेक आवळला. "वहिनी, उतरा खाली. दादाला दिसत नाही."

वहिनीचा चेहरा बदलला नाही. ती हळूच म्हणाली, "माहितीय मला. हळू बोला, ताई."

दादाची पाठ ताठ झाली. "तुला म्हाईत होतं?"

"तुम्हाला वाटतं मी मागं बसून उगाच किरकिर करते? डावीकडं घ्या, हळू घ्या, म्होरं रिक्षा हाय, खड्डा हाय. हौस हाय का मला बडबडायची? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून किरकिर केल्यासारखं बोलत होते."

मी वहिनीला विचारलं, "आणि शाळेपाशी तुम्ही उतरल्यावर? परत येताना त्याला कोण सांगतं?"

वहिनी म्हणाली, "घरी पोचले की हे रोज फोन करतात. तो फोन येईस्तोवर मी वर्गात नुसती उभी असते. पोरं विचारतात, बाई, शिकवा ना. मला फळ्यावर काय लिहिलंय तेसुद्धा दिसत नाही."

ती उतरली. दादाच्या हाताखालून हात घालून तिनं चावी फिरवली आणि काढून घेतली. स्कूटर बंद पडली तशी गल्ली एकदम शांत झाली. दादाचे हात हँडलवरच होते. त्यानं मान इकडून तिकडे फिरवली, कान देऊन, आणि पहिल्यांदाच आम्हाला विचारलं, "इथं अजून कोण हाय?"

समोरच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालता घालता थांबली होती. ओली साडी हातात धरून ती आमच्याकडेच बघत होती.

वहिनीनंही तिला बघितलं. "कुणीच नाय," ती दादाला म्हणाली.