आटगावच्या यार्डात मागे राहिलेला डबा

या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या टोकावड्याकडे कुणाला वडाखाली बाई दिसली, सिद्धगडच्या वाटेवर कुणाला मागून हाक आली, असल्या गप्पा ऐकतच वाढलो आणि सांगणाऱ्याला दर वेळी एकच विचारायचो — किती घेतली होती? त्यामुळे चारचौघांत मला असल्या विषयावर कुणी बोलूच देत नाही. तरीही हे लिहितोय, कारण यातलं अर्धं माझ्याच हातून झालंय.

२००९ चा मे महिना. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी रेल्वेने खाजगी कंपन्यांना कंटेनरच्या मालगाड्या चालवायला दिल्या होत्या. त्यातलीच एक कंपनी शहापूर तालुक्यात, आटगावजवळ आली. नाव लिहीत नाही. लिहूनही कुणाला आठवणार नाही. आली तेव्हा थाट काय विचारता! केशरी कंटेनर, ज्यांना आम्ही डबेच म्हणायचो, नवं यार्ड, डबे उचलणारं हत्तीएवढं मशीन, आणि भाताच्या खाचरांतून उठून आलेल्या आमच्या डोक्यांवर पिवळी हेल्मेटं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे अडीच वर्षं झाली आणि दुकान बंद.

मी तिथे यार्ड क्लार्क होतो. डब्यांचे नंबर रजिस्टरात लिहायचे, कुठला डबा कुठल्या वॅगनवर ते लिहायचं, दारं लावून घ्यायची. माझ्याच शब्दावर दाजी — माझ्या मंदाताईचे मिस्टर, काशिनाथ — सफाईच्या कामाला लागले. रिकामा डबा आतून झाडायचा, हे त्यांचं काम.

आमच्यात एक रीत होती. डबा बंद करण्याआधी दारावर तीनदा ठोकायचं. आत कुणी असेल तर त्याने दोनदा ठोकून जबाब द्यायचा. कुठल्या नियमाच्या पुस्तकात नव्हतं हे, यार्डातल्या माणसांनीच लावलेलं. कारण एका वॅगनवर दोन डबे बसतात आणि चोरी होऊ नये म्हणून त्यांची दारं समोरासमोर ठेवतात. मध्ये हात जाईल एवढी फट. एकदा डबा चढला की दार उघडायला मशीनच लागतं.

तो शेवटचा दिवस होता. नव्वद रिकामे डबे घाटावर पाठवायचे आणि कुलूप लावायचं. त्या सकाळी मी एकाही दारावर ठोकलं नाही. कंपनीच मेली, आता कसली रीत... खरं सांगायचं तर राग होता. धाडधाड दारं ओढत, कड्या घालत गेलो. मागून मशीन डबे उचलून गाडीवर ठेवत होतं. त्यातल्या एका डब्याची खालची चौकट वाकलेली निघाली, तो वॅगनवर बसेना. मशीनवाल्या रमेशने तो परत आणून रुळांपासून लांब लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. अकराला गाडी गेली.

साडेअकराला ताई भाकरी घेऊन आली. "हे कुठं हायत?" तिने विचारलं. मी म्हटलं, असतील पाणवठ्यावर. नव्हते. शेडमध्ये नव्हते. सायकल फाटकाशी उभी. आदल्या रात्री पुतणीची हळद होती, दाजी रात्रभर जागे होते, हे मला माहीत होतं. झाडता झाडता आतल्या काळोखात टेकले असतील, डोळा लागला असेल आणि मी...

मे महिन्यातलं ऊन आणि बंद पत्र्याचा डबा. माणूस किती वेळ टिकणार?

मुंबईच्या ऑफिसला फोन लावले. कुणी उचलत नव्हतं. एकाने उचलला आणि मेल करा म्हणाला. आटगावचे स्टेशन मास्तर मात्र भला माणूस. म्हणाले, घाट चढायला मागून इंजिनं लावतात, त्यासाठी गाडी कसाऱ्याला थांबेल. पण एकोणनव्वद डब्यांतला कुठला? सगळे उघडायला तिथे मशीन नाही. मला नंबर दे, मी गाडी तिथेच रोखून धरायला सांगतो. मी रजिस्टर उघडून बसलो. दाजी कुठला डबा झाडत होते ते मी बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात ताई मागे राहिलेल्या डब्यापाशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "आत हायत रे. ठोकतायत."

मी धावलो. आतून आवाज — ठक, ठक. जीव भांड्यात पडला. कडी काढली, दार उघडलं... आत कुणी नाही. लाकडी फळ्या, कोपऱ्यात झाडलेला कचरा. रमेशही बघत होता. त्याने आत जाऊन चारही भिंती चाचपल्या. दार लावलं. ठक, ठक.

आमची रीत ताईला दाजींकडून माहीत होती. तिने दगड घेतला आणि तीनदा ठोकलं. आतून दोन. परत तीन. परत दोन.

मी एरवी देवाचं नावही घेत नाही, त्या भर दुपारी घेतलं. ताई मात्र घाबरली नव्हती. ती म्हणाली, "ह्याचा जोडीदार कुठला रं? तुझ्या वहीत बघ."

वाकलेल्या डब्याच्या जोडीचा डबा एकटाच पुढे गेला होता. सोळाव्या वॅगनवर. समोरची जागा मोकळी, म्हणजे त्या एकाच डब्याचं दार हाताने उघडण्यासारखं. मी मास्तरांना नंबर दिला. कशावरून, ते म्हणाले. मी खोटं बोललो — आठवलं, म्हटलं. चुकलं तर तुझी नोकरी जाईल, म्हणाले. नोकरी तशीही संध्याकाळपर्यंतचीच होती.

रमेशच्या मोटारसायकलवरून आम्ही हायवेने कसारा गाठलं. ताई यार्डातच राहिली. "मी ठोकायचं सोडणार नाय," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या गाडीला वाट द्यायला खर्डीला बाजूला ठेवल्याने आमची गाडी नुकतीच पोचत होती. सोळावी वॅगन. कडी काढली आणि भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. दाजी दाराशीच पडले होते. उजव्या हाताची बोटं सुजलेली, ओठ पांढरे. पण श्वास होता. मी तिथेच खडीवर बसून ढसाढसा रडलो.

तिसऱ्या दिवशी शहापूरच्या दवाखान्यात ते नीट बोलले. ताईकडे बघून म्हणाले, "तू भाएरून ठोकत होतीस म्हनून मी ठोकत ऱ्हायलो. पन मधी थांबलीस गो. मना वाटलं गेली घरला. मंग मी बी आडवा झालो."

ताई थांबली होती. वॉचमनने यार्डाला कुलूप लावायचं म्हणून तिला फाटकाबाहेर काढलं होतं. भांडून ती परत आत आली, त्यात दहा मिनिटं गेली. तेव्हा गाडी खर्डीच्याही पुढे होती.

एका इंजिनिअर मित्राने सांगितलं, रुळांतून आवाज जातो. पण यार्डातला डबा रुळांवर नव्हताच. दुसरा म्हणाला, पत्रा तापून वाजतो. तीनदा ठोकलं की दोनदाच वाजतो का, असं मी विचारलं. आवाजाचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही, आता होईल असंही वाटत नाही.

दाराचा उलगडा मात्र आहे. त्या डब्याला कडी मी घातली, न ठोकता. दवाखान्यात सगळे धरून चालले की त्या दिवशी मदतीला आलेल्या कंत्राटदाराच्या माणसाने घातली असेल, आणि मी काही बोललो नाही. ताईला तेव्हाच कळलं होतं. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. दाजी अजूनही त्या माणसाला शिव्या घालतात.

दाजींना वाचायचा नाद आहे. हे सदर ते एकदाही चुकवत नाहीत.

दाजी, तो माणूस मी होतो.