चंद्रीचा घोडा

आबा जन्मात कधी घोड्यावर बसले नाहीत. तरी सगळी वाडी त्यांना घोडेवाले म्हणायची, आणि तेही त्या नावाला ओ द्यायचे.

रखमाजी त्यांचं नाव, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लोणावळ्याला रेल्वेत सांधे बदलायच्या कामावर होते. आमची वाडी कुरवंड्याच्या अलीकडं, तिथून पायी जायचे आणि पायी यायचे. मूलबाळ नव्हतं. आमचं घर शेजारीच, मी वाढले ती त्यांच्याच अंगणात. घरात आबा, कस्तुराकाकी आणि घोडे. घोड्यांसाठी आबांनी भिंतीला रुळाखालच्या जुन्या स्लीपरची जाडजूड फळी ठोकली होती. "माणसाला टेकायला जागा न्हाई आन् घोड्यास्नी माडी," असं काकी येईल त्याला ऐकवायची, पण फळीवरची धूळ तीच पुसायची.

घोडे प्लास्टरचे, जत्रेत मिळतात तसले. एक पाय उचललेला, मान कमानदार, डोळ्यांत काजळ, सगळे एका साच्यातून निघालेले. लोक ते पोरांना खेळायला घ्यायचे, आबा तोडायला घ्यायचे. घरी आणला की करवतीच्या पात्यानं त्याची मान उतरवायचे, उचललेला पाय कापायचे आणि तार घालून तो जमिनीवर टेकवायचे. मग कागदाचा लगदा, शाडू आणि चिंचोक्याची खळ एकत्र मळून वर थर चढवायचा, वाळला की पत्र्याच्या सुरीनं तासायचा, पटला नाही तर परत चढवायचा. छत्रीच्या मोडक्या काडीनं शिरा काढायच्या. पोट जरा सुटलेलं, पाठ खोलगट, गुडघ्याला गाठ, असं करत करत साच्यातल्या त्या नटव्याचा लोणावळ्याच्या बाजारातला एखादा खराखुरा घोडा व्हायचा. बघणारा लगेच नाव घ्यायचा.

"जत्रंतला घोडा कुणाचाच नसतो," आबा म्हणायचे. "हाक मारली तर येईल का त्यो? मग घोडा कसला?"

या नादाला घरात आणि बाहेर सगळेच हसायचे. हसला नाही तो एकटा हौशीराम. हा काकीचा सख्खा भाऊ. लहानपणी मी त्याला मामा म्हणायचे, आता जीभ वळत नाही. मुंबईची माणसं हवा खायला यायची, त्यांना घोडीवर बसवून भुशीपर्यंत फिरवून आणायचा त्याचा धंदा. संध्याकाळी येऊन आबांच्या शेजारी मांडी घालून बसायचा आणि घोड्यांच्या खोडी सांगायचा. कुठल्या घोड्याचा खांदा उतरलाय, कोण उजवीकडं मान टाकतो, सगळं त्याला ठाऊक. आयाळीसाठी आणि शेपटीसाठी खरे केस तोच आणून द्यायचा. आबांना भाऊ होते, आम्ही पुतणी होतो, पण त्यांचा जीव बसला होता तो या मेव्हण्यावर आणि त्याच्या चंद्रीवर.

चंद्री तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. उभी राहिली की डावा मागचा पाय हलकेच टेकायची आणि खुराचं टोक आत वळवायची. आबा कामावरून येताना डब्यातली उरवलेली भाकरी तिला चारून मगच घरी यायचे. काकीला वाटायचं नवरा पोटभर जेवतो.

आणि चंद्री नुसती हौशीरामची नव्हती, देवाची होती. आमच्या वाडीत बहिरोबाच्या जत्रेला पालखीपुढं एक घोडी चालते. मालकानं तिच्याकडून वर्षभर काम करून घ्यावं, पण ती विकायची नाही. म्हातारी झाली, लंगडी झाली तरी सांभाळायची. ती मेली की तिच्या नावाचा घोडा देवाच्या ठाण्यावर नेऊन बसवायचा. तो बसला की जागा मोकळी झाली, मग नवी घोडी पालखीपुढं चालवायची. एका जनावराचा एकच घोडा. बसवलेला परत उचलायचा नाही, दुसरा मांडायचा नाही.

म्हणून आबांच्या फळीवर साऱ्या लोणावळ्याचे घोडे होते, चंद्रीचा नव्हता. "तिचा एकदाच करायचा," ते म्हणायचे, "आन् त्यो दिस मला न दिसो."

चौसष्ट सालच्या आखाडात तो दिवस आला. धुक्यात हात पुढं केला तर दिसत नव्हता. हौशीराम नखशिखांत भिजून आबांच्या दारात आला आणि उंबऱ्यावरच बसला. चंद्री नागफणीच्या कड्याच्या अंगाला चरत होती, पाय निसटला, दरीत गेली, असं म्हणाला. आबा तसेच उठले आणि दोर शोधू लागले. त्यानं त्यांचा हात धरला.

"मी उतरून आलोय, दाजी. कोल्ह्यांनी काय ठेवलं न्हाई. तुमी नगा बघू तिला तशी." मग पोत्यातून शेपटाचा झुपका काढून त्यांच्यापुढं ठेवला. "तुमच्यासाठी आनलंय. तिचा घोडा तुमीच करायचा."

आबांनी तो झुपका उराशी धरला आणि बाईमाणसासारखे मोठ्यानं रडले. काकी चुलीपाशी पदर तोंडाला लावून उभी होती. तीही रडतेय असं मला वाटलं होतं.

मला नवलाख उंबरे गावी दिलेलं होतं, पण त्या आखाड-श्रावणात मी माहेरी होते, म्हणून घोडा होताना मी पाहिला. आबांनी एवढा जीव कशातच ओतला नसेल. मान तीनतीनदा कापली. रंगासाठी गेरूत काजळी घालून बघायचे, पुसायचे, परत घालायचे. डावा मागचा पाय जमेना तेव्हा स्वतः भिंतीला धरून तसे उभे राहायचे, खोटं वाटेल, पण चंद्रीसारखे. हौशीराम रोज येऊन शेजारी बसायचा. "नाकपुडी आनिक जरा रुंद, दाजी," असं सांगायचा आणि सांगता सांगता डोळे पुसायचा. पुसायचा हो, मी या डोळ्यांनी बघितलंय.

वाडीत थोडी कुजबुज होती. घोडी पडली ती कुणी पाहिली नाही, गिधाडं उतरलेली दिसली नाहीत, असं दोघंतिघं बोलत होते. पण दसऱ्याआधी आबा घोडा डोक्यावर घेऊन ठाण्याकडं निघाले आणि सगळे गप्प झाले. बायकांनी माणसाला काढावा तसा गळा काढला. बहिरोबाची पूजाअर्चा निवृत्तीबुवांकडं होती. ते म्हणाले, "रखमाजीनं घोडा केला म्हंजे घोडी गेलीच." त्यावर कोण काय बोलणार. चैत्रात हौशीरामची नवी, ठणठणीत घोडी पालखीपुढं नाचत गेली आणि आबांनीच तिच्या कपाळाला गुलाल लावला.

त्याच उन्हाळ्यात बेगडेवाडीजवळच्या फाटकावरचा माणूस आजारी पडला, म्हणून आबांना तिकडं बदली कामाला पाठवलं. फाटकाच्या पलीकडं वीटभट्टी होती. गाडीची वेळ झाली, आबांनी फाटक लावलं. भट्टीची जनावरं माती लादून पलीकडं थांबली. त्यांत एक तांबूस घोडी होती. अंगावर मातीचा थर बसलेला, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. तिनं डावा मागचा पाय हलकेच टेकला आणि खुराचं टोक आत वळवलं.

गाडी निघून गेली तरी आबांनी फाटक उघडलं नाही. भट्टीवाला ओरडायला लागला तेव्हा भानावर आले. जवळ जाऊन तिच्या कपाळावरची माती हातानं पुसली. ठिपका निघाला. शेपटाच्या जागी नुसता खुंट होता. आबांनी नावानं हाक मारली. तिनं मान वर केली नाही. तेवढी ताकद तिच्यात उरली नसावी, असं मी मनाला समजावते.

"कवापासून हाय ही?" आबांनी विचारलं.

"आखाडापासून. लंगडी हाय, पर ओझं वाहती," भट्टीवाला म्हणाला. "शेपूट देनाऱ्यानंच कापून नेलं. म्हनला, घरी आठवन ठिवायची."

आबा वाडीला आले तेव्हा मी जत्रेपासून माहेरीच होते, पोराला घेऊन काकीकडं बसले होते. हौशीराम पाटावर जेवत होता आणि काकी वाढत होती. आबा दारातूनच म्हणाले, "चंद्री बेगडेवाडीला माती वाहती."

हौशीरामचा घास हातातच राहिला. मग त्यानं तो खाल्ला. मला सगळ्यात जास्त चीड त्याची आली, त्यानं तो घास खाल्ला याची. पाणी प्यायला आणि म्हणाला, "लंगडी झालती, दाजी. गिऱ्हाईक बसत नव्हतं. इकता येईना, नवी आनता येईना. मी काय करायचं? देवाला काय कमी पडलं सांगा. घोडी मिळाली, चांगली मिळाली."

"देवाचं ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "मला का न्हाई सांगितलंस? मी पाळली असती तिला."

उत्तर दिलं काकीनं. भाकरीची टोपली खाली ठेवली आणि अगदी साध्या आवाजात, मीठ कमी पडलं असं सांगावं तशी म्हणाली, "मीच म्हनले त्याला, ह्यांना सांगू नगं. सांगितलं असतं तर घोडा तसा झालाच नसता."

मेव्हण्याचं कळलं तेव्हा आबांना राग आला होता, तो चेहऱ्यावर दिसत होता. हे ऐकल्यावर रागही दिसेना. श्रावणभर हा माणूस तिच्यासमोर रडत होता आणि तिनं त्याला रडू दिलं, कारण ते रडणं घोड्यात उतरायला हवं होतं. काकीनं मला लहानाची मोठी केली, तिची सेवा मी शेवटपर्यंत केली, पण एवढ्या एका गोष्टीची माफी माझ्याकडून तिला मिळाली नाही.

आबा निवृत्तीबुवांकडं गेले. घोडा ठाण्यावरून खाली आणतो, घोडी जिवंत आहे, ती परत आणू, म्हणाले. बुवांना वाईट वाटलं, पण ते हलले नाहीत. "बसवलेला उचलत न्हाईत, रखमाजी. नवी पालखीपुढं चालली. देवाच्या लेखी चंद्री गेली. अन् बसवला कुनी? तूच ना?" वाडीनंही तेच धरलं. हौशीरामला दोन दिवस लोक टाकून बोलले आणि मग विसरले. घोडा तर सगळ्यांना आवडला होता.

आबांनी बेगडेवाडीचं फाटक मागून घेतलं. काकीला टाकली असं नाही. सणावारी वाडीला यायचे, वाढेल ते जेवायचे, विचारलं तेवढं बोलायचे. भट्टीवाला घोडी विकेना, म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं, दिवसाचं काम झालं की ती फाटकाशी आणून बांधायची. पाय शेकायचे, गवत कापून आणायचे, अंगावरच्या जखमांना हळद लावायचे. त्या फाटकाच्या खोलीत त्यांनी एकही घोडा केला नाही. मी सासरहून अधूनमधून डबा घेऊन जायचे. डब्यातली भाकरी कुणाच्या पोटात जाते ते मला कळत होतं, म्हणून मी दोन जास्तीच्या बांधायचे.

दोन पावसाळे ती जगली. एकदा मी गेले तर ती फाटकाशेजारच्या लिंबाखाली आडवी होती आणि आबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी डोकं अलगद खाली ठेवलं आणि धोतर झटकून उभे राहिले. भट्टीवाल्याला खड्ड्यासाठी माणसं पाठवायला सांगितलं. डोळे कोरडे होते. मला ते बघवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "आबा, आता हिचा घोडा करा. ठाण्यावर नको, हितंच ठेवू."

ते माझ्याकडं वळले.

"हिचा झालाय, पोरी," आबा म्हणाले. "रडूनबी झालंय."